बॉनी रेटला ३९व्या वर्षी यश मिळालं, मग आधीची अठरा वर्षं?

दांडियाबाजारची गिटारवाली:
नमस्कार. मी बडोद्याची, वय ३८. सोळा वर्षं झाली, नवरात्रीत गरब्याच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवते. नऊ रात्री सलग. दहाव्या दिवशी डाव्या हाताच्या बोटांनी पाण्याचा पेलासुद्धा धरवत नाही. एरवी लग्नाच्या सुपाऱ्या, आणि सकाळी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या. माझी स्वतःची सात मराठी गाणी आहेत, एकही स्टेजवर म्हटलेलं नाही. मागच्या महिन्यात एका आयोजकांना ऐकवायला गेले. दुसऱ्या कडव्यालाच ते म्हणाले, "ताई, आता या वयात नवीन काय करताय?"

तेव्हापासून रात्री फक्त बॉनी रेट ऐकते, अमेरिकेतली ब्लूज-रॉक गायिका आणि गिटारवादक. तिचं मोठं यश १९८९चं, पण पहिला अल्बम १९७१चा. मधली वर्षं जो तो एका ओळीत गुंडाळतो. मला नेमकी तीच हवी आहेत. आणखी एक, ती स्लाइड, म्हणजे तारांवरून सरकवायची नळी, मधल्या बोटात का घालते? मी करंगळीत घालते.

सुरसागरकाका:
बेटा, स्लाइडचं सांगतो. ती लहानपणी रेकॉर्ड ऐकून एकटीच शिकली, बोट कुठलं हे सांगायला समोर कोणी नव्हतं. सवय लागली ती लागली. बहुतेक वादक करंगळी किंवा अनामिका वापरतात, म्हणजे उरलेली बोटं सूर दाबायला मोकळी राहतात. तू गरब्यात कॉर्ड्स वाजवतेस, तेव्हा करंगळीच ठेव. ट्यूनिंग मात्र तिचं करून बघ, ओपन ए. तारा मोकळ्या छेडल्या की थेट ए मेजर कॉर्ड वाजतो. तारा जास्त ताणल्या जातात, म्हणून पहिल्यांदा सावकाश पिळ. नळी तारेवर दाबायची नाही, नुसती टेकवायची, आणि फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्टीच्या, बरोबर वर, अलीकडे नाही. मी आमच्या गायनशाळेत मींड शिकलो. स्लाइड हाती घेतली तेव्हा ती मींडच वाटली. सुरावर पोचण्याआधीचा प्रवास कानाला कळला पाहिजे.

रावपुऱ्याचा रेकॉर्डवाला:
ताई, अठरा वर्षांचं मी लिहितो, माझ्याकडे त्या काळातल्या तिच्या सगळ्या तबकड्या आहेत.

१९७१ ते १९८६, नऊ अल्बम. एकही फार खपला नाही. १९७७मध्ये एका जुन्या गाण्याची तिची आवृत्ती थोडी चालली, तेवढंच. पोट भरलं ते दौऱ्यांवर. १९६९मध्ये तिनं १२० डॉलरला एक तपकिरी स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि पुढे कित्येक दशकं तीच घेऊन गावोगाव फिरली. आणि ती कुणाबरोबर फिरली ते बघा. सुरुवात एकटीनं केली, पण पुढे मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल या जुन्या ब्लूज वादकाकडून ती स्लाइड आणखी शिकली. सिप्पी वॉलेस ही १८९८ साली जन्मलेली ब्लूज गायिका, तिला स्वतःच्या कार्यक्रमांत मानानं स्टेजवर आणलं. पुढे १९८८मध्ये रॉयल्टी न मिळालेल्या जुन्या कलाकारांसाठी ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं, त्याच्या संस्थापकांत ती होती. मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीसाठी आहे.

१९८३मध्ये अल्बम तयार असताना वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीनं तिचा करार संपवला. तोच अल्बम काही गाणी नव्यानं करून तीन वर्षांनी बाहेर आला, तोही पडला. दारूचं व्यसन जडलं होतं, ते १९८७मध्ये सोडलं. मग दुसऱ्या कंपनीकडे गेली, डॉन वॉज निर्माता मिळाला आणि १९८९मध्ये 'निक ऑफ टाइम' हा अल्बम आला. १९९०च्या ग्रॅमीत चार पुरस्कार, त्यातला एक ज्येष्ठ ब्लूज गायक जॉन ली हूकरबरोबरच्या द्वंद्वगीताला. शीर्षकगीत तिनं स्वतः लिहिलंय, वय सरत चालल्याबद्दल. तुमच्या आयोजकांना मुद्दाम ऐकवा. २०२३मध्ये तिच्याच 'जस्ट लाइक दॅट'ला वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा ग्रॅमी मिळाला, तेव्हा ती ७३ वर्षांची होती.

मांजलपूरचा बासवाला:
मला ही तुलना सरळ वाटत नाही. तिचे वडील जॉन रेट, ब्रॉडवेवरचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत रंगभूमीवरचे मोठे गायक-नट. एकविसाव्या वर्षी मोठ्या कंपनीचा करार हातात. शिवाय तिकडे गावोगावी क्लब होते, तिकीट काढून अनोळखी माणसाची नवी गाणी ऐकणारे लोक होते. बडोद्यात मराठी गाणं घेऊन ताई कुठे फिरणार? दादर-ठाण्यापर्यंत जायचं तर चार माणसांचं भाडं, राहणं, साउंड. आधी खर्च मांडा, मग स्फूर्ती घ्या.

रावपुऱ्याचा रेकॉर्डवाला:
खर्चाचं खरं आहे. म्हणून चार माणसं नकोत, एक गिटार पुरे. आणि दुसऱ्यांची गाणी वाजवण्यात कमीपणा मानू नका. तिची कितीतरी गाजलेली गाणी इतरांनी लिहिलेली आहेत. फर्माइशी म्हणत म्हणत मधे एक आपलं गाणं घालायचं.

दांडियाबाजारची गिटारवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. सिप्पी वॉलेसचं वाचून आमच्या ऑर्केस्ट्रातल्या जुन्या गायिकेची आठवण झाली. सत्तरीच्या आहेत, गुडघ्यांमुळे आता येत नाहीत. काल त्यांच्या घरी गेले. पहिल्यांदा माझी सातही गाणी कोणी पूर्ण ऐकली. चौथ्याचा मुखडा एका सुरानं खाली घे म्हणाल्या, आणि खरंच तिथे मोकळं वाटतं. बासवाले दादा, हिशेब मांडला, बाहेरगाव यंदा जमणार नाही. पण कोजागिरीला त्यांच्या गच्चीवर चाळीसेक माणसं येतात. जुनी भावगीतं त्या गाणार, मधली दोन गाणी माझी, एक ओपन एमध्ये. काका, पहिली तार काल तुटली. नवीन संच आणलाय.