ऑटोपायलटचे पॅनेल सेस्नात चालते, पण एअरबसमध्ये प्रतिसाद देत नाही

प्रश्न – नभोयात्री

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मी योक (विमान वळवण्याचे हँडल), थ्रॉटल क्वाड्रंट (इंजिनाची शक्ती बदलणाऱ्या लिव्हरांचा संच) आणि रडर पेडल अशी जुळणी बऱ्याच काळापासून वापरत आहे. अलीकडे तिच्यात यूएसबीवर चालणाऱ्या दोन पॅनेलची भर घातली. पहिल्यावर बॅटरी, अल्टरनेटर, इंधनपंप आणि दिवे यांचे स्विच असून शेजारी मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्रणेची) फिरती किल्ली आहे. दुसरे पॅनेल ऑटोपायलटचे आहे. त्यावर एका नॉबने उंची, वेग, दिशा यांपैकी काय बदलायचे ते निवडायचे आणि दुसऱ्या नॉबने आकडा बदलायचा, अशी सोय आहे. सिम्युलेटरबरोबर मिळणाऱ्या सेस्ना १७२ मध्ये दोन्ही पॅनेल उत्तम चालतात.

अडचण येते ती वेगळ्याने घेतलेल्या, यंत्रणांचा बारीकसारीक तपशील असलेल्या एअरबस ए३२० मध्ये. तिथे दिशेचा नॉब फिरवल्यावर पॅनेलच्या छोट्या पडद्यावरचा आकडा बदलतो, परंतु विमानाच्या एफसीयूवरील (ऑटोपायलटचे आकडे निवडण्याच्या पॅनेलवरील) आकडा जागचा हलत नाही. दुसरे असे की, इंजिने सुरू असलेल्या अवस्थेत थेट धावपट्टीवरून उड्डाण सुरू केले, तर बॅटरीचा स्विच उलटा वागतो. वर केला की बॅटरी बंद होते आणि खाली केला की चालू. तिसरी गोष्ट थ्रॉटलची. लिव्हर क्लाइम्बच्या (चढाईच्या) खाचेत नीट बसवला तरी समोरच्या पडद्यावर ‘एलव्हीआर सीएलबी’ ही सूचना लुकलुकत राहते, म्हणजे लिव्हर अजून खाचेत आलेला नाही असे विमानाला वाटते.

पॅनेलमध्येच दोष आहे, की एअरबससाठी खास बनवलेले पॅनेल घेतल्याशिवाय गत्यंतर नाही? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – क्षितिजरेषा

सेस्नामध्ये पॅनेल नीट चालते, त्याअर्थी त्यातील नॉब, स्विच आणि यूएसबीची जोडणी शाबूत आहे. दोष शोधायचा तो पॅनेल आणि विमान यांच्यामधल्या जागेत.

पॅनेलबरोबर मिळणारा ड्रायव्हर सिमकनेक्ट या दुव्यातून सिम्युलेटरला ठरावीक आज्ञा पाठवतो, उदाहरणार्थ ‘हेडिंग बग (निवडलेल्या दिशेची खूण) एक अंशाने वाढव’. सेस्नाचा ऑटोपायलट सिम्युलेटरच्या मूळ यंत्रणेवर बेतलेला असल्यामुळे त्याला ही आज्ञा कळते. मोठी प्रवासी विमाने तपशीलवार बनवणारे लोक मात्र ही मूळ यंत्रणा बाजूला ठेवून स्वतःचा ऑटोपायलट, स्वतःची विद्युत आणि हायड्रॉलिक यंत्रणा लिहितात, कारण ए३२० चे वागणे मूळ यंत्रणेत बसतच नाही. परिणामी तुमची आज्ञा सिम्युलेटरपर्यंत पोहोचते, मूळ चलाची (आकडा साठवण्याच्या जागेची) किंमत बदलते, पॅनेल तीच किंमत वाचून आपल्या पडद्यावर दाखवते, आणि विमान त्या चलाकडे पाहतही नाही.

अशा विमानांच्या स्वतःच्या चलांना एलव्हार म्हणतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मध्यस्थ प्रोग्राम लागतो. मोबीफ्लाइट विनामूल्य आहे, स्पॅड.नेक्स्ट आणि एफएसयूआयपीसी यांच्या पूर्ण सोयींसाठी पैसे मोजावे लागतात. बाजारात मिळणारी बरीच तयार पॅनेल स्पॅड.नेक्स्ट थेट ओळखतो, तर आर्डुइनो हा छोटा प्रोग्रामेबल सर्किट बोर्ड वापरून स्वतः पॅनेल बनवणाऱ्यांची पसंती बहुधा मोबीफ्लाइटला असते. जो प्रोग्राम घ्याल तो सुरू करण्यापूर्वी पॅनेलचा मूळ ड्रायव्हर बंद करा, अन्यथा दोघेही एकाच नॉबवर हक्क सांगतील आणि एका टप्प्याला दोन अंश सरकण्यासारखे विचित्र प्रकार दिसू लागतील.

मॅपिंग (नॉब किंवा स्विचला आज्ञा वा चल जोडून देणे) करताना चलाचा अर्थ आधी नीट समजून घ्यावा. काही ए३२० मध्ये दिशेच्या नॉबच्या चलात दिशेचा आकडा नसतोच; नॉब किती टप्पे फिरला याची केवळ मोजदाद असते. त्या चलात २७० लिहून विमान पश्चिमेला वळणार नाही. प्रत्येक टप्प्याला त्या चलाची किंमत एकाने वाढवायची किंवा कमी करायची असते.

शिवाय एअरबसचा हा नॉब फिरतो, दाबला जातो आणि ओढलाही जातो. दाबला की दिशा फ्लाइट प्लॅनकडे सोपवली जाते आणि आकड्याच्या जागी रेषा येतात. ओढला की वैमानिकाने निवडलेली दिशा लागू होते. रेषा असताना नॉब नुसता फिरवला तर आकडा काही वेळ दिसतो आणि ओढला नाही तर पुन्हा रेषा येतात. तुमच्या पॅनेलवर दाबण्याची आणि ओढण्याची सोय नसेल, तर त्या दोन क्रियांसाठी दोन वेगळी बटणे राखून ठेवावी लागतील. हे न केल्यास मॅपिंग अचूक असूनही नॉब निकामी आहे असा समज होतो.

सरावासाठी फ्लायबायवायरचे ए३२एनएक्स उतरवून घ्या. ते विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे आणि त्याच्या आज्ञांची व चलांची यादी प्रकल्पाच्या दस्तऐवजात व्यवस्थित दिलेली आहे. तिथे एक नॉब नीट बसवता आला की तुमच्या विमानाच्या यादीत काय शोधायचे ते आपोआप कळेल.

उत्तर – वातदिशा

वरील उत्तरात ऑटोपायलटचे सर्व मुद्दे आले आहेत, म्हणून मी स्विच आणि थ्रॉटल यांविषयी लिहितो.

बॅटरीच्या स्विचला तुम्ही ‘टॉगल’ प्रकारची आज्ञा दिलेली असणार. या आज्ञेचा अर्थ ‘आहे ती स्थिती उलट कर’ एवढाच आहे. उड्डाण सुरू होताना पडद्यावरची बॅटरी चालू आणि टेबलावरचा स्विच खाली असेल, तर पहिल्याच हालचालीला दोघांची चुकामूक होते आणि ती पुढे तशीच राहते. त्याऐवजी स्विच वर गेल्यावर ‘बॅटरी चालू’ आणि खाली आल्यावर ‘बॅटरी बंद’ अशा दोन स्वतंत्र आज्ञा द्याव्यात. सिम्युलेटरच्या कंट्रोल सेटिंग्जमध्ये आज्ञा बटण सोडल्यावर लागू करण्याचा पर्याय असतो. ‘बंद’ची आज्ञा तिथे बसवावी. यानंतरही उड्डाणाच्या सुरुवातीला तफावत दिसेल, पण स्विच एकदा खालीवर केला की ती मिटेल. मी स्वतः पार्किंगमधून, सर्व यंत्रणा बंद असलेल्या अवस्थेतूनच सुरुवात करणे पसंत करतो, कारण स्विचचे पॅनेल घेण्याचा खरा आनंद त्या पहिल्या काही मिनिटांत आहे.

आता थ्रॉटल. तुमच्या क्वाड्रंटवरची खाच जिथे कोरलेली आहे, तिथे संगणकाला मिळणारा आकडा विमानाला अपेक्षित असलेल्या आकड्याशी जुळतोच असे नाही. एअरबसमध्ये आयडल (किमान शक्ती), क्लाइम्ब, फ्लेक्स (कमी शक्तीचे उड्डाण) आणि टोगा (कमाल शक्ती) या स्थितींना पक्के स्थान असल्यामुळे थोडासा फरकही खपत नाही. प्रथम सेन्सिटिव्हिटीची वक्ररेषा (लिव्हर किती हलला की आकडा किती बदलतो हे ठरवणारी) अगदी सरळ करा. लिव्हरच्या अक्षाला वक्ररेषा दिली की खाचांचे सगळे गणित बिघडते. त्यानंतर विमानात कॅलिब्रेशनची सोय असल्यास लिव्हर प्रत्येक खाचेत ठेवून ते स्थान नोंदवा. ए३२एनएक्समध्ये हे काम कॉकपिटमधल्या फ्लायपॅड या टॅबलेटवर करता येते. नोंदवताना खाचेच्या दोन्ही बाजूंना थोडी सूट ठेवावी, विशेषतः तुमच्या क्वाड्रंटमध्ये पोटेन्शिओमीटर असतील तर. त्यांत धातूचा संपर्क घासत सरकत असल्यामुळे धूळ आणि झीज यांमुळे आकडा किंचित थरथरतो. हॉल सेन्सरमध्ये चुंबक आणि संवेदक यांचा स्पर्शच होत नाही, म्हणून ते दीर्घकाळ स्थिर राहतात.

आणखी एक तपासणी अवश्य करा. नवे उपकरण जोडले की सिम्युलेटर पुष्कळदा त्याला स्वतःहून मूळ मॅपिंग देऊन टाकतो. त्यामुळे थ्रॉटलचा एकच अक्ष योकवरच्या छोट्या लिव्हरलाही मिळालेला असतो, आणि मग इंजिनाची शक्ती विनाकारण वरखाली होते. प्रत्येक उपकरणाचे पान उघडून, एका अक्षाला एकच मालक आहे ना, हे पाहावे. त्याच फेरीत पेडलवरचे ब्रेकही पाहून घ्या. त्यांचा अक्ष उलटा असल्यास पाय उचललेले असताना ब्रेक पूर्ण लागलेले असतात आणि विमान टॅक्सीला हलत नाही.

उत्तर – मंदवारा

एअरबसचे खास पॅनेल घेण्याची घाई करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्या पॅनेलवर दाबण्या-ओढण्याचे नॉब असतात हे खरे, परंतु मॅपिंगचा प्रश्न तिथेही उरतो. फार तर ठरावीक विमानांसाठी ते काम उत्पादकाने आधी करून ठेवलेले असते. उद्या विमान बदलले की तुम्ही पुन्हा याच ठिकाणी याल. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्येही चलांना डेटारेफ म्हणतात एवढाच फरक. तपशीलवार विमाने तिथेही स्वतःचे वेगळे डेटारेफ आणि कमांड वापरतात.

कोणती उपकरणे कोणत्या विमानाला साजतात याचाही विचार व्हावा. ए३२० मध्ये ऑटोथ्रस्ट (इंजिनाची शक्ती आपोआप सांभाळणारी यंत्रणा) काम करत असताना लिव्हर क्लाइम्बच्या खाचेत स्थिर असतात, म्हणून मोटर नसलेले साधे क्वाड्रंट तिथे खऱ्यासारखेच वागते. बोइंग ७३७ मध्ये ऑटोथ्रॉटल ही तशीच यंत्रणा लिव्हर प्रत्यक्ष हलवते. आपल्या टेबलावरचा लिव्हर जिथल्या तिथे राहतो, आणि ऑटोथ्रॉटल सोडण्याच्या क्षणी दोहोंतला फरक एकदम इंजिनावर येऊ शकतो. त्यामुळे ७३७ उडवताना ऑटोथ्रॉटल सोडण्यापूर्वी हातातला लिव्हर पडद्यावरच्या लिव्हरच्या जागी आणण्याची सवय लावून घ्यावी.

माझ्या मते पॅनेलपेक्षा ट्रिमचे चाक (योक धरून न ठेवता नाक हवे तिथे राहावे म्हणून फिरवायचे) जास्त मोलाचे आहे. साध्या योकला स्प्रिंग असते. ती योकला नेहमी मधोमध ओढते आणि हवेचा दाब हाताला जाणवत नाही. अशा वेळी नाक हवे तिथे योकने धरून ठेवायचे आणि हातावरचा ताण जाईपर्यंत चाक हळूहळू फिरवत योक मध्यावर येऊ द्यायचा. बटणाने केलेल्या ट्रिममध्ये ही नजाकत येत नाही.

नभोयात्री

तिघांचेही मनःपूर्वक आभार. थ्रॉटलचा अक्ष खरोखरच योककडेही गेलेला होता. तो काढून कॅलिब्रेशन केल्यावर लुकलुकणारी सूचना थांबली. बॅटरीच्या स्विचला दोन आज्ञा दिल्या आणि तोही सुधारला. मध्यस्थ प्रोग्राममधून दिशेचा नॉब आता एफसीयूशी जुळला आहे, मात्र वेगाने फिरवला की काही टप्पे गळतात आणि कधी आकडा क्षणभर उलट दिशेलाही जातो. यावर काही उपाय आहे का?

क्षितिजरेषा

हा नॉब म्हणजे रोटरी एन्कोडर आहे. त्याच्या आत दोन संपर्क थोड्या अंतराने जुळतात, आणि कोणता आधी जुळला यावरून फिरण्याची दिशा ठरते. नॉब भरभर फिरवला की मधले काही बदल वाचायचे राहून जातात. मग टप्पे गळतात किंवा दिशेचा अंदाज चुकतो. तुमच्या प्रोग्राममध्ये हळू आणि वेगाने फिरवण्यासाठी वेगळ्या आज्ञा देण्याची सोय असल्यास वेगाच्या टप्प्याला दहा अंश द्या, म्हणजे नॉब भराभर फिरवण्याची गरजच उरणार नाही. हळू फिरवतानाही टप्पे गळू लागले, तर पॅनेल हबमधून काढून थेट संगणकाला जोडून पाहा. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज मिळते, आणि स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबवर योक, पेडल आणि उजळ पडद्यांची दोन पॅनेल मिळून तेवढ्यातच भागवत असतात. थेट जोडल्यावर नॉब सुधारला, तर स्वतंत्र वीजपुरवठ्याचा हब घ्यावा आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी त्या हबपुरती काढून टाकावी.