आजारपणानंतर गिनीपिगचं वजन वाढत नाहीये, मदत हवी आहे

आमचा लाडू, वय अडीच वर्षं, गेल्या महिन्यात न्यूमोनियाने आजारी पडला. औषधं संपली, छातीतली घरघर गेली. पण ९४० ग्रॅमचा होता तो ७६० वर आलाय आणि तिथेच अडकलाय. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्टीलच्या डब्यात बसवून मोजते. आठवड्यात जेमतेम १० ग्रॅम वाढ.

सुकं गवत तोंडात घेतो, दोन काड्या चावतो आणि सोडून देतो. कोथिंबीर मात्र देठासकट फस्त! व्हिटॅमिन सी गिनीपिगच्या अंगात तयार होत नाही, म्हणून ढोबळी मिरची रोज असतेच. पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या) भिजवून, सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने भरवते, पण ५-६ मिली झालं की मान फिरवतो. (सासूबाई म्हणतात दूधभात दे. कसंबसं टाळलंय.)

असं दिवसातून किती वेळा भरवायचं? दाढा वाढल्या असतील का? पुढचे दात ठीक वाटतात, मागचे घरी दिसतच नाहीत. पुण्यात, शक्यतो कोथरूड-कर्वेनगरकडे, अशा छोट्या प्राण्यांचे दात तपासणारे डॉक्टर माहीत असतील तर प्लीज सांगा. लेंड्या अजून बारीकच पडताहेत, त्याचीच जास्त काळजी वाटतेय.