शब्दकोडे : गती आणि चालीचे दोन शब्द अडलेत, मदत हवी आहे

गतीवरचे कोडे सोडवतेय. ‘ताशी 1.852 किलोमीटर’साठी ‘नॉट’ लगेच सुचले, पण दोन शब्दांवर सकाळपासून अडलेय.

आडवा, 3 अक्षरे : ‘घोड्याची चाल, संथ आणि भरधाव यांच्या मधली’. कर्णरेषेतले पाय जोडीने उचलतो ती. ‘चौखूर’ बसतो, पण ती तर पूर्ण धाव झाली ना!

उभा, 4 अक्षरे, शेवटी ‘णे’ : ‘बसल्या बसल्या अंग ओढत पुढे जाणे’. ‘रांगणे’ अपुरा, ‘सरपटणे’ला एक अक्षर जास्त. ‘सरकणे’ बसतो, पण त्यात अंग ओढण्याचे कष्ट कुठे आहेत? मला तो पटत नाही.

आडव्याचे दुसरे आणि उभ्याचे तिसरे अक्षर एकच आहे. थेट उत्तर नको, आधी ते अक्षर तेवढे सांगाल का?