रोजची भाकर : सीमाभागातल्या विश्वासणाऱ्यांचे अनुभव

जय ख्रिस्त, मंडळी.

भाताची सुगी आटोपली की आमच्याकडे उपकारस्तुतीची उपासना असते. वेदीपुढं नवा तांदूळ, भोपळे, कोंबड्या, अंडी ठेवतात, नंतर त्यांचा लिलाव होतो आणि मग साक्षी. माईक हातात आला की माणूस मोठं काहीतरी सांगतो: दुखणं एका रात्रीत उतरलं, गेलेली नोकरी परत मिळाली. त्या साक्षींवर माझा विश्वास आहे. पण महिनाअखेरीला डब्यात तांदूळ कुठून आला, उसाचं बिल अडकलं तेव्हा घर कशावर चाललं, हे कुणी माईकवर सांगत नाही. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत तर आपण आजच्याच भाकरीचं मागतो. म्हणून हा धागा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, जिथं असाल तिथून लिहा. मध्ये कन्नड आलं तरी चालेल. नावं नकोत, गाव पुरे. आणि मागूनही मिळालं नाही, तर तेही लिहा.

निपाणी

आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर असायची. घरी येऊन लुगडं झाडलं तरी खकाणा उडायचा आणि आम्ही शिंकत बसायचो. बाबा लवकर गेले. वखारीचं काम नसेल तेव्हा आई विड्या वळायची. मजुरी हजारावर, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत.

रात्री प्रार्थनेला ती पुष्कळदा बायबलातला सारफथच्या विधवेचाच अध्याय काढायची, दुष्काळात जिच्या मडक्यातलं पीठ संपलं नाही तिचा. मला तेव्हा कंटाळा यायचा. ती म्हणायची, "त्या बाईच्या घरात पिठाची पोती येऊन पडली नाहीत गे. मडकं होतं तेवढंच राहिलं. फक्त तळ दिसला नाही."

बिडी कामगारांच्या मुलांना तेव्हा केंद्र सरकारच्या कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळायची. आईचं ओळखपत्र होतं, पण अर्ज कुणी भरायचा? आमच्या बाईंनी मधल्या सुट्टीत बसून भरला. पैसे आले तेव्हा आईनं ते पाटावर ठेवले, आधी चर्चचा दशांश बाजूला काढला, मग माझी पुस्तकं. त्याच शिक्षणावर मी आज अंगणवाडी चालवते.

लग्नानंतर माझ्या मालकांनी तिला विचारलं, "आत्या, तो सरकारचा पैसा. देवानं दिला असं कसं म्हणता?" आई म्हणाली, "एलीया संदेष्ट्याला कावळ्यांनी भाकर आणून दिली. ती कावळ्यांनी भाजली होती काय?"

चिकोडी तालुका, कृष्णाकाठ

2019 च्या ऑगस्टमधलं पाणी इथं कुणी विसरलेलं नाही. 2005 ला ते आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं, म्हणून मामंजी म्हणाले, याही वेळी थांबेल. नाही थांबलं. म्हैस सोडवली, पोरं उचलली आणि शाळेतल्या गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत, गेलो.

तिथं रोज भात-आमटी मिळायची. शेजारच्या गावची एक लिंगायत अक्का रोज आमच्या कोपऱ्यात यायची, "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का?) म्हणून विचारायची आणि ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी पुढं करायची. तिचंही घर पाण्यातच होतं. चटणीचा डबा तेवढा तिनं घरातून निघताना उचलला होता.

आमच्या सासूबाई रोज अर्धी भाकरी वळकटीखाली लपवायच्या. त्या दमट हवेत सकाळपर्यंत तिला बुरशी यायची. एकदा पास्टर साहेब भेटायला आले आणि बायबलातल्या निर्गमचा सोळावा अध्याय वाचला. रानात देवानं इस्राएल लोकांना दिलेलं अन्न म्हणजे मान्ना. तो रोजच्या पुरताच गोळा करायचा, शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. एरवी सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडत. मला वाटलं, आता सासूबाईंना बोलणार. ते म्हणाले, "आई, इस्राएल लोकांनीही लपवला होता. भूक बघितलेली माणसं लपवतातच. म्हणून देवाला त्यांना रोज नव्यानं द्यावं लागलं."

पाणी उतरल्यावर शेतातला ऊस कुजून गेलेला. त्या वर्षी पीक नाहीच. खाल्लं काय, तर रेशनचा तांदूळ, माहेरची ज्वारी आणि म्हशीचं दूध. ती म्हैस मी रोज प्रार्थनेत आठवते, खरंच.

बेळगाव, उद्यमबाग

थोडक्यात लिहितो. 2020 च्या लॉकडाऊनला फौंड्री बंद झाली. आमच्या कार्डावर तांदूळ मिळत होता. शेजारच्या खोलीत उत्तरेकडचा एक मोल्डर अडकला होता, त्याच्याकडे इथलं कार्ड नव्हतं. बायको म्हणाली, भांडं एकच चढवू. फौंड्री सुरू होईपर्यंत चढवलं. तो आमच्या धर्माचा नाही, पण आम्ही प्रार्थनेला बसलो की दाराशी उभा राहायचा. मी प्रभूला म्हणायचो, आमचं भागव. तोही त्याच्या देवाला तेच म्हणत असणार. तांदळात वाटेकरी आला तरी आम्ही उपाशी राहिलो नाही, एवढं मला सांगता येतं.

खानापूर तालुका

मिळालं नाही तेही लिहा म्हटलंत, म्हणून लिहिते.

माझ्या मालकांची मूत्रपिंडं गेली. डायलिसिससाठी बेळगावला न्यायचं. पहाटेची गाडी धरायची, परत येताना ते माझ्या खांद्यावर झोपून जायचे. मंडळीतल्या बायकांनी उपास धरले, घरी येऊन हात ठेवून प्रार्थना केली. "माझा देव तुमची सर्व गरज पुरवील" हे वचन मी वहीत लिहून त्यांच्या उशाशी ठेवलं होतं. ते गेले.

मातीला आलेल्यांपैकी एक जण मला म्हणाला, "विश्वास कमी पडला बाई." त्यानंतर मी बरेच दिवस ते वचन उघडलं नाही.

आता भाजी विकते. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 रुपये येतात. भावजयीनं धाकटीची जबाबदारी घेतलीय. देवानं पुरवलं असं मी म्हणते काय? पोरांच्या बाबतीत म्हणते. मालकांच्या बाबतीत नाही म्हणत, आणि प्रार्थनेत देवाला तसं सांगते. उपासनेला मात्र जाते. तिथं गेल्याशिवाय मला करमत नाही.

धागा काढणारा

ताई, तुम्ही लिहिलंत, उपकार झाले. मयताच्या दारात "विश्वास कमी पडला" म्हणणं हे पाप आहे असं मी मानतो. प्रेषित पौलानं अंगातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. त्याला "माझी कृपा तुला पुरे" एवढं उत्तर मिळालं. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूनं दुःखाचा प्याला टळू दे म्हटलं आणि प्याला टळला नाही. त्यांचा विश्वास कमी होता म्हणायचं काय?

तुमच्या वहीतल्या वचनाबद्दल थोडं लिहू द्या. ते आपण कॅलेंडरवर छापतो, गाडीच्या काचेवर लावतो, आणि ते कुठल्या पत्रात आहे हे राहूनच जातं. पौल बंदिवासात आहे. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली, आणि तो माणूस आजारानं मरणाच्या दारी जाऊन आला. त्या मदतीबद्दल आभार मानताना पौल म्हणतो, माझा देव तुमचीही गरज पुरवील. म्हणजे देणाऱ्यांनी स्वतःच्या अडचणीतून दिलंय, घेणारा अजून कैदेतच आहे, आणि अभिवचन त्या दोघांच्या मधोमध आहे. हे दुखणं नक्की बरं होईल, असं ते वचन सांगत नाही. तसं सांगितलं असतं तर पौल स्वतःच त्याच्या बाहेर पडला असता.

रायबाग

उसाचं लिहितो. ऊस कारखान्यात गेल्यावर 14 दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे. आमचे कित्येक महिने अडकले. सोसायटीचं कर्ज, पोराची फी, सगळं त्यावर. मी गुडघ्यावर बसून प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर धरणं धरलं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, देवावर टाकायचं, भांडायचं कशाला. मी त्यांना याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय दाखवला: कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. माझा विश्वास तोच आहे, म्हणून तर गेटवर गेलो. आणि याच वचनाला धरून ऊसतोडीच्या टोळीचे पैसे आमच्या घरानं आधी चुकते केले, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून. बिल शेवटी हप्त्याहप्त्यानं आलं.

बेळगाव, निवृत्त शिक्षिका

रायबागच्या भावांचं पटलं. विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं समजणाऱ्यांना मी पंडिता रमाबाईंचं उदाहरण देते. त्यांचा जन्म 1858 चा, आपल्याच कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. दुष्काळात आईवडील डोळ्यांदेखत गेले. उपास म्हणजे काय हे त्यांनी पोथीतून शिकलं नव्हतं. पुढं 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली, विधवा त्यांनी केडगावला आणल्या. देव पुरवील या भरवशावर आणल्या, आणि आणल्यावर विहिरी खोदल्या, शेती केली, तेलाचा घाणा, माग, छापखाना घातला. प्रार्थनेचा तास आणि मोटेचा तास, दोन्ही त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्येच. मी वर्गात हे सांगायची तेव्हा मुलं विचारायची, मग देवानं काय केलं? मी म्हणायची, त्या विहिरींना लागलेलं पाणी रमाबाईंनी केलं नव्हतं.

लोंढा

मी गोव्यात हॉटेलात काम करतो. पगार झाला की आई आधी चर्चचं पाकीट काढायला लावते. हातात कमी राहतं, तरी आजपर्यंत तिकिटाला उसने घ्यावे लागले नाहीत. एवढंच माझं आहे.

बेळगाव, नर्स

खानापूरच्या ताई, मी डायलिसिस विभागात काम करते. तुमच्या मालकांना मी ओळखत नसेन, पण त्यांच्यासारखे पुष्कळ बघते. आत साधारण चार तास यंत्र चालतं, तेवढा वेळ नातेवाईक बाहेर बाकड्यावर. बैलहोंगल, गोकाक, खानापूर, कुठून कुठून आलेले. तिथं डबे एकत्र उघडतात. कुणाचं गाडीभाडं संपलं तर दुसरा देतो. भाषा एक नाही, देव एक नाही. सगळे पेशंट वाचत नाहीत, हे मला ड्युटीवर पाऊल ठेवतानाच माहीत असतं. मी दाराशी थांबून एवढंच मागते की आज जो येईल त्याला माझ्या हातून दुखू नये.

खानापूर तालुका

नर्सताई, तुम्ही लिहिलंत ते बाकडं मला माहीत आहे. तिथं भेटलेली बैलहोंगलची एक बाई अजून फोन करते. "काय करूलालीस?" म्हणून माझं वाक्य ती शिकलीय, आणि मी तिचं कन्नड. तिच्या मालकांचं डायलिसिस अजून चालू आहे. गृहलक्ष्मीतले थोडे मी तिच्या गाडीभाड्याला पाठवते. ती नको म्हणते, मी पाठवतेच. पावसाळ्यात तिची रोजची मजुरी बुडते, तेव्हा अडचण जास्त. त्या बाजूला कुणाची मंडळी असेल तर आठवड्यातून एकदा तिला गाडीवरून स्टँडपर्यंत सोडेल असं कुणी बघा. इथं कळवा, मी तिला विचारून नंबर देते.