डबल जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतायत

हिरवी_कुंडी:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे दोन जास्वंदी आहेत, एक साधी लाल पाच पाकळ्यांची आणि एक डबल गुलाबी. कुंड्या शेजारी शेजारी, ऊन तेच, पाणी तेच, खतही तेच. लाल मस्त फुलतेय, पण डबलच्या कळ्या जरा मोठ्या झाल्या की पिवळ्या पडतात आणि टपाटप गळतात. पानं हिरवीगार, मावा नाही, पिठ्या ढेकूण नाही. फुलं यावीत म्हणून स्फुरदवालं (फॉस्फरसचं) खत वाढवू का? की सरळ छाटून टाकू?

मातीत_हात:
खताचं नंतर बघू. आधी नुकतीच पडलेली एक कळी उचला आणि ब्लेडने उभी चिरा. पाकळ्यांच्या घड्यांमध्ये पांढरट-पिवळ्या बारीक अळ्या वळवळताना दिसल्या तर ही कळीमाशी. चिलटाएवढी माशी असते, कोवळ्या कळीत अंडी घालते, अळ्या आतल्या आत खातात, कळी गळते आणि मग अळ्या बाहेर पडून मातीत कोषात जातात. म्हणजे गळलेली कळी कुंडीत तशीच ठेवली की पुढची पिढी तिथेच तयार. डबल जातींना हा त्रास जास्त होतो, त्यामुळे शेजारची लाल ठणठणीत असण्यात नवल काही नाही.

अळ्या नसतील तर फुलकिडे बघा. कळी पांढऱ्या कागदावर आपटा, सुईच्या टोकासारखे लांबट किडे धावताना दिसतील. तेही नाहीत तर मग पाण्याची ओढ, अचानक वाढलेलं ऊन, कुंडीची जागा बदलणं वगैरे.

हिरवी_कुंडी:
बापरे, चिरली. अळ्या आहेत!! एक तर चक्क उडी मारून बाजूला पडली 😖 आता निंबोळी तेल मारू का?

मातीत_हात:
हो, उड्या मारतात त्या. फवारणी कळीच्या आत पोचत नाही हो, त्यामुळे नुसत्या तेलावर अवलंबून राहू नका. झाडावरच्या पिवळट कळ्या आणि खाली पडलेल्या सगळ्या रोज वेचा, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. वरची मातीही खरवडून बदला. हे काही आठवडे नेटाने करावं लागतं कारण मातीतल्या कोषांतून माश्या निघतच राहतात, मधेच कंटाळा केला की परत पहिले पाढे पंचावन्न. प्रादुर्भाव फारच असेल तर आत्ताच्या सगळ्या कळ्या काढून टाका, जिवावर येतं पण चक्र तुटतं.

पानोपानी:
वरचं सगळं बरोबर, फक्त खताबद्दल माझे दोन शब्द. 'फुलांसाठी स्फुरद' हे जास्वंदीला लागू करू नका, जास्त झालं तर तिला सोसत नाही, लोह वगैरे घेणं अडतं आणि शिरा हिरव्या नि मधलं पान पिवळं असं दिसायला लागतं. तिला पालाश (पोटॅशियम) जास्त आणि स्फुरद कमी असलेलं खत थोडं थोडं द्या. माती किंचित आम्लधर्मी, निचरा चांगला, ऊन भरपूर. मूळची उष्ण हवेतली आहे, पारा दहाच्या खाली गेला की कुरकुर करते. छाटणीचं म्हणाल तर फूल नव्या फुटीच्या शेंड्याकडे येतं, त्यामुळे छाटल्यावर काही काळ फुलं नाहीत हे धरून चाला. थंडी सरता सरता छाटा, वाढीच्या दिवसांत फूट जोमात येते.

सावलीतली_जाई:
छाटलेल्या फांद्या फेकू नका! पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना अगदी कोवळी ना पार जून, वीतभर फांदी घ्या, डोळ्याच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) खाली तिरका काप द्या, वरची दोन पानं ठेवून बाकी काढा आणि ओलसर भुसभुशीत मिश्रणात सावलीत लावा. बियांची वाट बघण्यात अर्थ नाही, बागेतल्या बहुतेक जाती बी धरत नाहीत आणि धरलंच तर रोप आईसारखं निघेल याची खात्री नसते.

लाल फुलांचं काय करायचं असाही प्रश्न पडत असेल, एका दिवसात मिटतात बिचारी. पानं-फुलं वाटून केसांना लावतात, चांगला चिकट लगदा होतो. घरात मुलं असतील तर पाकळ्या गरम पाण्यात भिजवा, त्यात लिंबू पिळलं की रंग गुलाबी आणि खायचा सोडा टाकला की हिरवट, भारी मजा येते. बाजारात चहासाठी सुकं लाल जास्वंद म्हणून मिळतं ते मात्र ही नव्हे, ते लाल अंबाडीचं.

हिरवी_कुंडी:
सगळ्यांना थँक्स! सगळ्या कळ्या काढल्या, वरची माती बदलली. लालच्या कुंडीतली पण बदलू ना?

मातीत_हात:
बदला. आणि तिच्याही दोनचार कळ्या चिरून बघा.