हातमोजे ठीक, पण घणाचं काय?

यंत्रदुरुस्तीत हातमोजे घातले की बोटं वाचतात, असं म्हणतात. ओरखड्यापुरतं खरं, घणाखाली सापडलेलं बोट हातमोज्यातच चेचतं. नाशिकजवळच्या सारूळच्या खाणपट्ट्यात पोकलेनची बकेट पिन (बकेट हाताला जोडणारा जाड लोखंडी खिळा) काढायची तर एकजण पिनला लोखंडी तुकडा हातानं धरतो, दुसरा घण घालतो. पिन वरून कडक केलेली, घणाचं तोंडही कडक. कडकावर कडक आपटलं की कपची उडते आणि डोळ्यात नाहीतर मनगटात घुसते. मध्ये पितळी ड्रिफ्ट (पिन ठोकून काढायचा दांडा) घ्या, तो लांब दांड्याच्या पकडीत धरा, गॉगल दोघांनीही लावा. त्याआधी बकेट जमिनीवर टेकवून पिनवरचा भार काढा, निम्मी मारामारी तिथंच संपते. छिन्नीचं डोकं पसरलं असेल तर कड ग्राइंडरवर घासून टाका.

घट्ट बसलेला नट सोडवायला पान्याला पाइप लावणं तर नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांतही चालतंच. 80 किलोचा माणूस 4 फुटी पाइपवर लोंबकळला की साडेनऊशे न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (पिळाचा जोर) पडतो. उघड्या तोंडाचा पाना तिथं फाकतो किंवा सटकतो, आणि माणूस तोंडावर आपटतो. रिंग पाना किंवा सहा कोनी सॉकेट घ्या, स्वतःकडे ओढा. ढकलावंच लागलं तर मूठ उघडी ठेवून तळव्यानं.