पंखा गप्प करायचा, की लॅपटॉप थंड करायचा?

खिळेमोळे
परवा इथेच एकांनी लिनक्सवर चालणाऱ्या लेनोवोच्या लॅपटॉपसाठी ‘जुना थिंकपॅड तीन कमांडमध्ये शांत’ असा सल्ला टाकला. टीएलपी (वीज वाचवणारा प्रोग्रॅम) घाला, थिंकफॅन (पंख्याचा वेग ठरवणारा) घाला, ७० अंशांपर्यंत पंखा शून्यावर ठेवा, टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद करा, झालं. खाली ‘धन्यवाद सर’ची रांग. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा.

थिंकपॅडपैकी टी४२० घ्या, २०११चा माल. ३५ वॅटचा प्रोसेसर, आणि त्याच्यावरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट एव्हाना वाळून भुकटी झालेली. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध धुळीचा थर बसतो, तो बाहेरून दिसतच नाही. बाहेरून ब्लोअर मारलात तर आणखी घट्ट बसतो. पंखा ओरडतोय तो यामुळे. अशा मशीनवर थिंकफॅन लावून पंखा बंद ठेवणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. आधी स्क्रू ड्रायव्हर घ्या, कीबोर्ड आणि पामरेस्ट काढा. लेनोवोचं दुरुस्तीचं मॅन्युअल फुकट मिळतं, ते वाचा. मग कमांड.

दुसरं कारण यूट्यूब. ते ब्राउझरला बहुतेकदा व्हीपी९ पद्धतीनं आवळलेला व्हिडिओ पाठवतं. सँडी ब्रिजचं (म्हणजे टी४२०मधल्या दुसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचं) ग्राफिक्स एच.२६४ ही जुनी पद्धत हार्डवेअरवर उलगडतं, व्हीपी९ नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर. यूट्यूबला एच.२६४ पाठवायला लावणारं एच२६४इफाय हे एक्स्टेंशन घाला, ब्राउझरमध्ये व्हीए-एपीआय (व्हिडिओचं काम ग्राफिक्सकडे देणारी सोय) चालू आहे ना ते बघा, आणि मग लिनक्सला नावं ठेवा.

पेंग्विनकाका
तो ‘एकजण’ मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

थिंकफॅनचा एवढा बाऊ कशाला? लिनक्सच्या थिंकपॅड_एसीपीआय ड्रायव्हरमध्ये वॉचडॉग आहे. ठरवून दिलेल्या वेळात पंख्याला आदेश आला नाही तर ड्रायव्हर स्वतः पंखा सुरू करतो. वर प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग उतरवतो. जळत काही नाही. कारखान्यातून आलेली पंख्याची तापमानाची पट्टी भित्री असते, ४५-५० अंशांनाच भुणभुण सुरू. रात्री शेजारी लेकरू झोपलेलं असताना मला ती नको असते. पामरेस्ट उघडायला सगळ्यांचे हात तुमच्यासारखे सरावलेले नसतात.

खिळेमोळे
वॉचडॉग आहे म्हणून धूळ जाते का? प्रोसेसर वेग उतरवतो म्हणजे तुम्ही विकत घेतलेलं मशीन अर्ध्यावर चालतं. त्यालाच तुम्ही ‘शांत’ म्हणताय.

अकोल्याचा_उन्हाळा
दोघंही एसीत बसून भांडून राहिले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. खोलीच ४० अंशांवर, तिथं पंखा ७० पर्यंत बंद ठेवला तर ते ७० यायला किती वेळ लागते? कूलरसमोर लॅपटॉप ठेवतो आम्ही. पंखा वाजला की बरं वाटते, जिवंत आहे म्हणून.

आणि त्या सल्ल्यात चौथी ओळ होती, ती कोणी काढत नाही. ‘बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवा.’ काहून? लाईन गेली का तीन तास येत नाही. ते २० टक्के मला पाहिजे असतात.

पेंग्विनकाका
कारण कायम १०० वर आणि वर गरम ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर मरते. यात मत नसतं, रसायन असतं. कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१७ पासून थिंकपॅडची चार्जिंग मर्यादा कर्नलमध्येच आहे. ७५ ला सुरू, ८० ला बंद. माझी बॅटरी अजून टिकून आहे.

अकोल्याचा_उन्हाळा
तुमची टिकली कारण ती कधी वापरलीच नाही. दिवसभर चार्जर लावून बसता. आमच्याकडे बॅटरी हीच वीज आहे भाऊ. मागच्या पावसाळ्यात पोराचा परीक्षेचा फॉर्म भरत होतो, ओटीपी आला अन् लॅपटॉप बसला. ८० वर थांबवायची सेटिंग त्याच आठवड्यात केली होती, असंच काही वाचून.

मुलुंडकर
ओटीपीच्या वेळी बसला तो ८० टक्क्यांमुळे नाही, सेल मेलेले असतील. दुकानात ‘ओरिजिनल’ म्हणून देतात त्यात कुठल्या जुन्या बॅटरीचे सेल असतात देव जाणे. मीही एका दुकानातून घेतली होती. ४० टक्के दाखवता दाखवता थेट शून्य. बिल मागितलं तर दुकानदार हसला. आणि टी४३० वाल्यांचं दुखणं वेगळंच, त्या मालिकेत कंपनीची नसलेली बॅटरी फर्मवेअरच नाकारतं.

अकोल्याचा_उन्हाळा
बॅटरी मशीनसोबत आली तीच होती. न विचारता निदान करू नका.

मुलुंडकर
मग वयानं मेली. मुद्दा तोच. चिडताय कशाला?

अकोल्याचा_उन्हाळा
चिडत नाही. ज्याच्या घरची लाईन जात नाही त्यानं बॅटरीवर प्रवचन देऊ नये, एवढंच.

रिकामटेकडा
भांडणात एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप राहिली. माझ्याकडे टी४२०चं एनव्हीएस ४२००एम ही चिप असलेलं मॉडेल आहे. त्याला लागणाऱ्या ३९० मालिकेच्या ड्रायव्हरचा पाठिंबा २०२२ अखेर संपला. नूव्हो (त्याच चिपचा मुक्त ड्रायव्हर) वापरलं तर माझ्याकडे वापरात नसलेली चिपसुद्धा तापते. बायोसमध्ये जाऊन ‘इंटिग्रेटेड’ (फक्त इंटेलचं ग्राफिक्स) निवडलं, पंखा निम्म्यावर आला. बाहेरचा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर चालत नाही आता, ते वेगळं. कोणी बोलणार आहे का यावर?

मुलुंडकर
नाही. :)

स्वयंपाकघरातून_लिनक्स
मला एक सांगा, ‘गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) पॉवरसेव्ह ठेवा’ हा सल्ला सगळीकडे आहे. मी ठेवला. पंखा शांत झाला खरा, पण फायरफॉक्स उघडेपर्यंत कुकरच्या दोन शिट्ट्या होतात.

खिळेमोळे
अगदी हेच! तो सल्ला जुना आहे. पूर्वी इंटेल_पीस्टेट या वेग सांभाळणाऱ्या ड्रायव्हरमध्ये ‘पॉवरसेव्ह’ लागेल तसा वेग वाढवायचा. २०२० च्या सुमारास कर्नलने सहाव्या पिढीआधीच्या प्रोसेसरना पॅसिव्ह मोडमध्ये टाकलं. तिथे ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे कायम सर्वात कमी वेग, ८०० मेगाहर्ट्झ. गव्हर्नर ‘शेडयुटिल’ ठेवा, तो लागेल तसा वेग बदलतो. आणि ग्नोम डेस्कटॉप असेल तर त्यासोबतचा वीज सांभाळणारा पॉवर-प्रोफाइल्स-डीमन आणि टीएलपी यातलं एकच ठेवा, दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालतात. पेंग्विनकाकांच्या तीन कमांडमध्ये यातलं काही नव्हतं, हे नम्रपणे नोंदवतो.

पेंग्विनकाका
तुमचा नम्रपणा पोचला. गव्हर्नरचं मान्य, मूळ प्रतिसाद दुरुस्त करतो. थिंकफॅन राहणार. पट्टी ७० ऐवजी ५५ करतो, अकोलेकरांच्या मानाखातर.

अकोलेकर, ‘टीएलपी फुलचार्ज’ असा आदेश आहे. मर्यादा तशीच राहते, त्या वेळेपुरती १०० पर्यंत भरते. आभाळ भरून आलं की चालवा.

अकोल्याचा_उन्हाळा
आभाळ न येताही जाते हो लाईन. आम्ही जून ते सप्टेंबर १०० वरच ठेवू, बाकी महिने ८०. बॅटरी मेली तर मेली, फॉर्म तरी भरला जाईल.

खिळेमोळे
हे पटलं. पण धूळ काढा. कूलरसमोर ठेवता ना, त्या ओलीनं ती आणखी चिकटते.

रिकामटेकडा
डिस्प्लेपोर्टचं कोणी सांगणार आहे का?